८० तासांचं सरकार आणि मालिका बघणारी आई : एक प्रकरण अभ्यास

प्रकरण कुठलं ते आधी सांगून टाकते. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीसांनी मुख्यमंत्रीपदाची आणि अजित पवारांनी उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली, २६ तारखेला दुपारी दोघांचेही राजीनामे झाले, तर मधले ते ८० तास. राजकारणाच्या अंगाने यावर लिहून लिहून लोक थकले, कोण बरोबर कोण चूक यावर घराघरात भांडणं झाली, मला त्यात पडायचंच नाहीये. मला एवढंच बघायचंय की जी बाई संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा न चुकता मराठी मालिका बघते तिने हा आठवडा कसा बघितला. कारण माझं मत असं की त्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्राने टीव्ही तसाच बघितला, फक्त बाकीचे कबूल करत नाहीत आणि माझी आई करते.

आई साठीच्या पुढची. मालिका बघता बघता भाजी निवडते, प्रोमो बघून पुढच्या आठवड्याचा ट्रॅक सांगते आणि बहुतेक वेळा तसंच होतं. बातम्या हे बाबांचं खातं. पण ऑक्टोबरच्या शेवटापासून ती किचनमधून "काय झालं आज?" विचारायला लागली, मग येऊन उभी राहायला लागली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चक्क बसली.

मागील भागात

२४ ऑक्टोबरला निकाल. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. सभागृह २८८ चं, बहुमताला १४५. युतीचे मिळून १६१ होते म्हणजे खरं तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती, पण मुख्यमंत्रीपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरलं होतं की नव्हतं यावर अडली. शिवसेना म्हणे ठरलं होतं, भाजप म्हणे असं काही ठरलंच नव्हतं. आईचा इंटरेस्ट नेमका इथे जागा झाला. बंद खोलीत काय बोलणं झालं ते प्रेक्षकाला दाखवलेलं नाही, बाहेर येऊन दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत, हे तिच्या पूर्ण ओळखीचं. "फ्लॅशबॅक दाखवत नाहीयेत ना, मग हे लांबणार," असं ती म्हणाली आणि बाबा हसले. लांबलं.

पात्रं आधीच मनात बसलेली होती. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात भर पावसात उभं राहून भाषण करणारे शरद पवार, तो सीन तर कुठल्याही मालिकेचा महाएपिसोड झाला असता, आणि फडणवीसांचं विधानसभेतलं "मी पुन्हा येईन", ज्याचे तोपर्यंत इतके मीम झाले होते की शाळेतली पोरं एकमेकांना म्हणत होती. शिवाय रोज सकाळी कॅमेऱ्यांसमोर संजय राऊत. आई त्यांच्या वेळेला चहा ठेवायची. राऊत मध्येच छातीत दुखतंय म्हणून लीलावतीत ॲडमिट झाले तेव्हा तिला खरंच वाटलं की आता हा ट्रॅक काही दिवस थांबवणार, तर माणूस अँजिओप्लास्टी करून दोन दिवसांत परत माइकसमोर.

८ नोव्हेंबरला फडणवीसांचा राजीनामा, मग राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी अशा ओळीने सगळ्यांना विचारलं आणि १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. आणि इथे आईला सपशेल बोअर झालं! म्हणाली यात आहे कोण? राष्ट्रपती राजवटीला चेहरा नसतो, कोणी रडत नाही, कोणी दार आपटत नाही. ती उठून आपल्या चॅनलवर गेली. ही छोटी गोष्ट वाटते पण या प्रकरणात पुढे जे जे निसटलं ते सगळं याच जागेवरून निसटलं.

२२ तारखेच्या संध्याकाळी तिन्ही पक्षांची बैठक झाली, पवारांनी बाहेर येऊन सांगितलं की उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत आहे. सगळे हसतायत, गाड्या निघतायत, रिपोर्टर दमलेले पण खुश. बाबांनी "चला, झालं एकदाचं" म्हणून टीव्ही बंद केला. आई म्हणाली, "एवढं गोड चाललंय म्हणजे उद्या काहीतरी होणार." तिच्याकडे कुठलीही आतली बातमी नव्हती बरं का, तिच्याकडे फक्त वीस वर्षं मालिका बघितल्याचा अनुभव होता, की लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं घर हसताना दाखवलं की दुसऱ्या दिवशी मांडवात कोणीतरी येतंच.

शनिवार

सकाळी पेपर आला त्यात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, आणि समोर टीव्हीवर फडणवीस शपथ घेऊन मोकळे. आधी एएनआय या वृत्तसंस्थेचं ट्वीट फिरलं, मग ती दृश्यं आली, छोटा हॉल, मोजकी माणसं, ना मांडव ना गर्दी. चॅनलवाल्यांकडे तेवढीच दोन-चार मिनिटांची क्लिप आणि तीच फिरवून फिरवून दाखवणं चाललेलं. आईने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हे तर पळून जाऊन रजिस्टर लग्न केल्यासारखं झालं." मी सोशल मीडियावर त्या दिवशी भरपूर विश्लेषणं वाचली, यापेक्षा नेमकं वर्णन मला सापडलं नाही. कारण त्या दृश्यात सगळ्यात जास्त जाणवत होतं ते म्हणजे कोण कोण नाहीये.

आणि मग आईने बाबांना जो प्रश्न विचारला तो टीव्ही कसा बघायचा याचा धडा आहे. बाबा आकडे मोजत होते, १०५ अधिक ५४ अधिक अपक्ष. आई म्हणाली, "सुप्रियाला कधी कळलं?" म्हणजे घटना काय यापेक्षा ती कोणाला कशी कळली हे महत्त्वाचं. मालिकेत बातमीला किंमत नसते, बातमी ऐकणाऱ्या चेहऱ्याला असते, एकदा सासू, एकदा नणंद, एकदा दारात उभा असलेला मुलगा, प्रत्येकावर झूम. आणि थोड्याच वेळात टीव्हीवर तेच आलं, सुप्रिया सुळेंचं व्हॉट्सॲप स्टेटस, पार्टी अँड फॅमिली स्प्लिट. पक्ष आणि कुटुंब एकाच ओळीत. मग त्यांचे पाणावलेले डोळे, त्याचा स्लो मोशन, खाली लाल पट्टा. त्या दिवशी चॅनलांनी जे म्युझिक लावलं ते कुठून आणलं होतं ते सांगायला नको, आई किचनमधून फक्त आवाजावरून विचारत होती की आमची मालिका लागली का बातम्या.

दुपारी यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पवार आणि ठाकरे यांची एकत्र पत्रकार परिषद झाली. तिथे राष्ट्रवादीच्या काही आमदारांना पुढे आणलं, त्यातल्या राजेंद्र शिंगणेंनी सांगितलं की रात्री अजितदादांचा फोन आला, काहीतरी बोलायचंय म्हणून बोलावलं, तिथून राजभवनात नेलं आणि काय चाललंय ते कळेपर्यंत शपथविधी होऊनही गेला. आईने हा भाग अगदी पुढे सरकून ऐकला. धनंजय मुंडेंचा फोन लागत नाही आणि मग संध्याकाळी ते अचानक बैठकीला हजर, हे तर तिने टाळी देऊन घेतलं. एकच गोंधळ होता, अमोल कोल्हे. ते तेव्हा टीव्हीवर छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका करत होते आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिरूरमधून राष्ट्रवादीचे खासदार झाले होते. आई विचारते, "आपले महाराज कुणाच्या बाजूला?" बाबा वैतागून म्हणाले, अगं ते लोकसभेत, इथे आमदारांचं चाललंय. पण तिचा प्रश्न वेडेपणाचा नव्हता, ज्या चॅनलवर रोज रात्री फितुरी बघायची त्याच टीव्हीवर सकाळी कोण फुटलं ते बघायचं, तर माणूस करणार काय.

हॉटेलं

हा भाग पटकन सांगते कारण यात नवीन काही नाही. आमदार हॉटेलात, फोन काढून घेतल्याच्या बातम्या, दारावर बाउन्सर, मध्येच घर बदलायचं, कोणीतरी गायब म्हणून पोलिसात तक्रार, कोणालातरी गुरुग्रामच्या हॉटेलातून परत आणलं. त्याच वर्षी बिग बॉस मराठीचा दुसरा सीझन होऊन गेला होता, त्यातले अभिजित बिचुकले वरळीतून आदित्य ठाकरेंच्या विरोधात उभेही राहिले होते, त्यामुळे ही तुलना करायला कोणाला डोकं लागलं नाही. २५ तारखेला ग्रँड हयातमध्ये "आम्ही १६२" म्हणून सगळ्या आमदारांना एकत्र उभं करून शपथ दिली तो तर सरळ सरळ कॅमेऱ्यासाठीच लिहिलेला सीन होता. आईला तो आवडला नाही. "यात सगळेच हिरो," म्हणाली.

आईला काय दिसलं नाही

आता मुद्द्याचं. पहाटे जे झालं ते कॅमेऱ्यासमोर नव्हतंच. राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना ५ वाजून ४७ मिनिटांची. एरवी राजवट उठवायची शिफारस केंद्रीय मंत्रिमंडळ करतं, त्याची बैठक लागते. ती झाली नाही, कारण केंद्राच्या कामकाज नियमांतला नियम १२ असा आहे की तातडीच्या वेळी पंतप्रधान ही बैठक टाळून निर्णय घेऊ शकतात आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेता येते. म्हणजे त्या रात्रीची सगळ्यात मोठी हालचाल एका नियमाच्या आकड्यात होती. त्याला ना चेहरा ना म्युझिक.

दुसरं, सह्यांचा कागद. अजित पवार ३० ऑक्टोबरला राष्ट्रवादीचे विधिमंडळ गटनेते म्हणून निवडले गेले होते. राज्यपालांना जे पत्र गेलं त्याला ५४ आमदारांच्या सह्या जोडलेल्या होत्या. कोर्टात एका बाजूचं म्हणणं की गटनेत्याने सह्यांसकट पत्र दिलंय, १७० चा पाठिंबा आहे, राज्यपालांनी अजून काय बघायला हवं होतं, तर दुसऱ्या बाजूचं म्हणणं की सह्या खऱ्या पण त्या भाजपला पाठिंबा द्यायला केल्याच नव्हत्या. अख्खं सरकार त्या कागदावर उभं. आणि तिसरा आकडा ३६. पक्षांतरबंदीतून वाचायचं तर ५४ चे दोन तृतीयांश बरोबर यायला हवेत, ३६ पेक्षा कमी असतील तर आमदारकी जाते. म्हणून एकेक आमदार परत येताना टीव्हीवर जे भावनिक मिलन वाटत होतं ते खरं तर मोजणी होती, ३६ चा आकडा जमत नाहीये हे दर तासाला दिसत होतं. बाबांना हे थोडंफार कळत होतं, पण त्यांनाही सांगताना चेहऱ्यावरच यावं लागत होतं, कोण आलं, कोण राहिलं.

रविवारी सुट्टीच्या दिवशी सुप्रीम कोर्टाने सुनावणी घेतली, आणि २६ ला सकाळी आदेश दिला: २७ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी, हंगामी अध्यक्षांसमोर, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. या चार अटी नीट बघा. गुप्त मतदान नाही म्हणजे कोण कुठे उभं आहे ते दिसणार. पुढच्या काही तासांत सरकार गेलं ते या ओळींमुळे, असं मला वाटतं, पण आमच्या घरात त्या सकाळी चर्चा होती ती भुजबळ जाऊन दादांची समजूत घालून आले त्याची. आधी जयंत पाटील, मग भुजबळ, मध्ये वळसे पाटील, तटकरे, एकेक मोठं माणूस रुसलेल्याच्या दारात जातंय. आईच्या दृष्टीने निकाल तिथे लागला.

आणि एक तर कोणालाच दिसलं नाही. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने राज्यभर पिकं गेली होती. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरीप पिकांना हेक्टरी ८ हजार, फळबागांना हेक्टरी १८ हजार, दोन हेक्टरपर्यंत. २० तारखेला पवार संसदेत पंतप्रधानांना भेटले ते याच विषयावर असं सांगितलं गेलं, आणि ती भेट आमच्याकडे काय म्हणून बघितली गेली तर संशयास्पद सीन म्हणून. "शेतकऱ्यांचं नाव सांगून दुसरंच काहीतरी ठरवतायत" हा आईचा, आणि खरं सांगायचं तर चॅनलांचाही, ठाम निष्कर्ष. शनिवारी सकाळी लातूरकडून मामाचा फोन आला, त्याचं सोयाबीन काढून ठेवलेलं ते भिजून कोंब आलेलं. आईला वाटलं शपथविधीबद्दल बोलायला केलाय. त्याने विचारलं, "ताई, आता हे नवीन आले तर पंचनामे झालेत ते धरतील का परत करायला लावतील?" आमच्याकडे कोणालाच उत्तर माहीत नव्हतं, बाबांनाही नाही.

लेखक कोण

माझ्या मते या सगळ्याची गोम वेगळीच आहे. आईच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं की हे साहेबांना माहीत असणारच. पवारांनी सकाळीच ट्वीट केलं की हा अजितचा वैयक्तिक निर्णय, पक्षाचा नाही. पुढे अजित पवारांनी ट्वीट केलं की मी राष्ट्रवादीतच आहे आणि साहेबच आमचे नेते, त्यावर पवारांनी लगेच ते विधान खोटं आणि दिशाभूल करणारं आहे असं म्हटलं. आईवर काही परिणाम नाही. तिचं लॉजिक असं की एवढं मोठं पात्र, आणि त्याला न कळता घरात एवढं घडतंय, असं कुठलाही लेखक करत नाही. आणि मालिकेपुरतं हे शंभर टक्के खरं आहे!

पण इथे लेखक नव्हता. इथे पाच-सहा जण आपापला भाग एकाच वेळी लिहीत होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याची दोनच पानं दिसत होती. सह्यांचा कागद एका कामासाठी तयार झाला आणि दुसऱ्या कामाला वापरला गेला, मालिकेच्या लेखकाने तो कागद दहा एपिसोड आधी एका ड्रॉवरमध्ये ठेवताना दाखवला असता. मालिकेची सवय असलेला डोळा ही अशी विस्कळीत गोष्ट सहन करत नाही, तो मागे जाऊन लेखक शोधतो. आई घरी बसून जे करत होती तेच स्टुडिओत टाय लावून चाललं होतं, तिकडे त्याला चाणक्य म्हणतात. दर दोन दिवसांनी चाणक्य बदलत होता, २३ ला एक, २६ ला दुसरा, आणि आदल्या चाणक्याला असं कसं कळलं नाही हे कोणी विचारत नव्हतं. २५ तारखेला एसीबीने, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने, सिंचन घोटाळ्याच्या ९ चौकशा बंद केल्याची बातमी आली, एसीबीने सांगितलं की यातली एकही अजित पवारांशी संबंधित नाही, पण तोपर्यंत घराघरात तो सीन एडिट होऊन जोडला गेला होता. मी आईला दोष देत नाहीये. तिच्यासमोर जे वाढलं जात होतं ते तिच्याच चवीने शिजवलेलं होतं.

आणि तरी

तरीसुद्धा एका बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि हे नोंदवायलाच हवं. बाबा शनिवारीच म्हणाले होते की अजितदादा संपले, आता ना इकडचे ना तिकडचे. संध्याकाळी राष्ट्रवादीने त्यांना गटनेतेपदावरून काढलं तेव्हा तर बाबांची खात्रीच झाली. आई म्हणाली, "घरातल्याला कोण काढतंय? रुसलाय, येईल. आणि आला की पहिल्यापेक्षा जास्त लाड होतील." २६ ला फडणवीसांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की अजित पवारांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिलाय, आणि मग स्वतःचाही जाहीर केला. २७ ला आमदारांच्या शपथेसाठी विधानभवनाच्या दारात सुप्रिया सुळे उभ्या, येईल त्याचं स्वागत करतायत, अजित पवार आले आणि त्यांनी भावाला मिठी मारली. ती क्लिप आईने तीन चॅनलवर बघितली. काही बोलली नाही, बाबांकडे फक्त बघितलं.

२८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला, तो मात्र पूर्ण थाटात, स्टेज, गर्दी, रोषणाई सगळं. तो आमच्याकडे सगळ्यांनी मिळून बघितला. ३० ला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव झाला, १६९ बाजूने, भाजपचा सभात्याग, ४ जण तटस्थ. एवढे दिवस ज्या आकड्यासाठी जीव खालीवर झाला होता तो आकडा त्या दिवशी अधिकृतपणे मोजला गेला आणि ते बघायला आमच्या हॉलमध्ये कोणीही नव्हतं. मामाचे जुने पंचनामे धरले गेले, ते त्यानेच नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं.

३० डिसेंबरला मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि अजित पवारांनी पुन्हा उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली, यावेळी उद्धव ठाकरेंच्या सरकारात. आईने मटार सोलता सोलता पाच मिनिटं बघितलं. बाबा म्हणाले, बरोबर होतीस तू. ती म्हणाली ते सोडा, यावेळी सह्यांचा कागद कुणाकडे आहे?